कापूस न शिरणारी खोली

घर बांधणं म्हणजे नुसत्या विटा रचणं नव्हे, असं अमडापूरच्या जाकीरचं ठाम मत होतं, आणि चहाच्या टपरीवर ते ऐकलं नाही असा माणूस उरला नव्हता. औरंगाबादला एका इंजिनिअरच्या हाताखाली तो एक विद्या शिकून आला होता. मालकाची गरज आधी खोदून खोदून विचारायची, पुढे काय काय बिघडू शकतं ते हेरायचं आणि मगच कुदळ मारायची. "माह्या बांधलेल्या घराची तक्रार येनारच नाई," तो सांगे. अजून त्यानं एकही घर बांधलं नव्हतं, त्यामुळे तक्रार आली नव्हती हे खरंच होतं.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं उंद्रीचे भगवानराव. जाकीर गरज विचारायला गेला तेव्हा भाव वाढायची वाट बघत सगळा कापूस घरातच पडून होता. बीटीचं बियाणं आल्यापासून पीक दणक्यात यायचं आणि भाव नेमका तेव्हाच बसायचा. दोघं ढिगावर चढून, आढ्याला डोकं लागू नये म्हणून माना वाकवून बोलत बसले.

"खोल्या कितीबी काढ," भगवानराव म्हणाले, "कापूस मावला पाह्यजे. मानसाचं काय, मानूस आंगनातबी झोपते."

निघताना भगवानरावांच्या बायकोनं, आशाबाईंनी, त्याला गोठ्याआड गाठलं. "जाकीर, मले एक खोली अशी काढ जिथं कापूस शिरनार नाई. माही शिलाई मशीन दिवाळीले गडप होते, ते भाव आल्यावरच दिसते. बायाईच्या ब्लाउजात रेशे जातात, अंगभर खाजवत येतात बिचाऱ्या. आता त्याईचं येनंबी बंद झालं. पन आमच्या मालकाले हे नको सांगू."

आता आली पंचाईत. नवऱ्याला कापूस मावायला हवा, बायकोला दिसायला नको. अरुंद दार ठेवावं तर सुटा कापूस कुठूनही घुसतो, आणि कुलूप लावावं तर किल्ली भगवानरावांच्याच कंबरेला. मग जाकीरला आठवलं, त्या भरगच्च घरात एका कोनाड्यात देव होते आणि कापसाचा ढीग त्यांच्यापासून हातभर अलीकडेच थांबला होता. देवापुढे हा माणूस कापूस टाकत नाही! जाकीरनं स्वतःचीच पाठ थोपटली आणि नकाशात ऐसपैस देवघर काढलं. एका भिंतीला देव, समोरच्या भिंतीला मशीन. भगवानरावही खूश झाले. मुसलमानाच्या पोरानं देवांची एवढी कदर केली म्हणून त्यांनी गावभर त्याचं कौतुक केलं.

उन्हाळ्यात घर उभं राहिलं आणि पावसाळाभर देवघरातून मशीनचा आवाज येत राहिला. तुटलेली गिऱ्हाइकं परत आली. आशाबाई जाकीरला बघून नुसतं हसत, आणि त्याला आपण ताजमहाल बांधल्यासारखं वाटे.

वेचणी सुरू झाली तेव्हा देऊळघाटचे व्यापारी फकीर मोहम्मद घर बांधायचं म्हणत होते. जाकीर त्यांना त्यांच्याच जीपमधून उंद्रीला घेऊन आला. बैठक मोकळी, माजघर मोकळं. "अन् हे पाहा, चाचा, याले म्हनतात आधीच धोका वळखनं," म्हणत त्यानं देवघराचं दार ढकललं.

दार उघडेना. दोघांनी खांदा लावला तेव्हा वीतभर फट पडली आणि त्यातून भसकन कापूस पायावर आला. आत छतापर्यंत पांढरं होतं. मशीनचं फक्त चाक दिसत होतं.

"काका, हे काय? बाकीच्या खोल्या रिकाम्या हायत," जाकीरचा आवाज चिरकला.

"पयली वेचनी देवापुढंच ठेवतो आमी," भगवानराव हात जोडून म्हणाले. "आतालोक कोनाड्यात मूठभरच मावे, मनाले लागे. तू एवढी मोठी खोली काढून देल्ली. यंदा सारी पयली वेचनी देवाच्या पायाशी हाय. भाव येते का नाई पाह्य."

त्यांच्या चेहऱ्यावर आशा मावत नव्हती. फकीर मोहम्मद हळूच म्हणाले, "बेटा, माह्या घराच्या वक्ताले एवढं विचारू नको."  आशाबाई ओट्यावर बसून एका ब्लाउजातले रेशे एकेक करून वेचत होत्या. ते बघून जाकीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दार आणखी रेटून तो कापसात कमरेपर्यंत शिरला, मशीन ओढून काढली आणि जीपमध्ये घातली.

तेव्हापासून ती मशीन त्याच्या अमडापूरच्या ऑफिसात आहे. आशाबाई सकाळच्या एसटीनं येतात. घर बांधायला फारसं कोणी येत नाही, ब्लाउजला मात्र रांग लागते, आणि बायांची मापं चालू असेपर्यंत जाकीर इंजिनिअरसाहेब बाहेर रस्त्यावर उभे असतात.

परवा भगवानराव बायकोला न्यायला आले. भाव अजून आला नव्हता. त्यांनी ऑफिसात एक चक्कर मारली, भिंतीला हात लावून पाहिला, छताकडे बराच वेळ पाहिलं.

"जाकीर," ते म्हणाले, "तुह्यं हापीस मस्त कोरडं हाय बे."

आशाबाईंनी मशीन उचलून थेट दारात आडवी लावली.