सोळा पौंडांचा जावई

बोलिंगचा, म्हणजे पिना पाडायच्या खेळाचा, चेंडू कसा निवडावा, हे कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा. चेंडूवर पौंडांचा आकडा असतो; आपल्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा, हा झाला ढोबळ नियम. मग चेंडू उचलून हात सरळ पुढे धरायचा. मनगट थरथरलं की निमूटपणे एक नंबर खाली उतरायचं. अंगठा भोकात सहज गेला पाहिजे आणि तितकाच सहज बाहेर आला पाहिजे. सासूबाईंच्या वाढदिवसाला सगळ्यांनी बोलिंगला जायचं ठरलं, तेव्हापासून मी मोबाइलवर दुसरं काही पाहिलंच नव्हतं. खेळात मी कच्चा असेन, पण चेंडू निवडण्यात माझा हात कुणी धरणार नाही, अशी माझी खात्री होती.

एवढा अभ्यास कशासाठी? तर साडूसाठी.

माझ्या साडूला तुम्ही ओळखत नाही, हे तुमचं भाग्य. मेहुणीचा नवरा, माझ्याहून बराच धाकटा, फर्निचरच्या दुकानाचा मालक. तीन माणसांचा सोफा एकटा उचलतो आणि उचलताना गप्पाही मारतो. मी चष्मे करतो. दिवसभरात माझ्या हातात येणारी सगळ्यात जड वस्तू म्हणजे जाड नंबरची काच. सासूबाई मला ‘अहो’ म्हणतात आणि त्याला ‘अरे’. लोकांना वाटेल, मान मोठा. अहो, मान म्हणजे हॉलमधली खुर्ची. ‘अरे’ म्हणजे थेट स्वयंपाकघरात प्रवेश. तो त्यांचा फ्रिज न विचारता उघडतो. मी त्या घरचा थोरला जावई, पण अजून पाणी मागून पितो.

तर आम्ही सगळे तिथे पोचलो. भाड्याचे बूट घातले, त्यातला एक मला थोडा सैल होता. नियमाप्रमाणे मी बाराचा चेंडू उचलला, हात पुढे केला, आणि मनगट असं थरथरलं की बायकोनं घाईघाईनं माझ्या हातातलं घड्याळ काढून घेतलं. अकरा उचलला. तेव्हाही थरथरलं. शेवटी दहावर येऊन स्थिरावलो. नारिंगी रंगाचा, छान, अंगठ्यात अचूक बसणारा चेंडू. अभ्यास सार्थकी लागला म्हणून मी वळलो, तर शेजारी सासूबाई उभ्या. त्यांच्या हातातही नारिंगी चेंडू. दहा.

“आपलं दोघांचं सारखंच आहे की,” त्या कौतुकानं म्हणाल्या.

साडूनं चौदा उचलला होता. तोही कसा, घरी जाता जाता भाजीची पिशवी उचलावी तसा. मेहुणी माझ्या बायकोला सांगत होती की त्याला खरं तर सोळाही हलकाच पडेल, पण आज आईचा दिवस म्हणून तो जपून खेळतोय. पहिल्याच चेंडूत त्यानं सगळ्या पिना झोपवल्या. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. सासरे एरवी कशानंही हलत नाहीत, तेही खुर्चीतून अर्धे उठले. माझ्या बायकोनं तर ‘वा’ म्हटलं. लग्नापासून मी त्या ‘वा’ची वाट बघतोय हो.

माझा दहा नंबरचा चेंडू बाजूच्या पन्हळीत गेला. सासूबाई म्हणाल्या, “असू दे, तुम्हाला सवय नाही.”

त्या ‘तुम्हाला’नं माझं डोकं फिरलं.

मी चेंडूंच्या मांडणीकडे गेलो. वरच्या फळीवर काळे कुळकुळीत चेंडू, त्यावर पांढऱ्या आकड्यात १६. खालच्या फळीवर लहान मुलांचे चेंडू. त्यात एक काळा होता, त्यावर ६. बोलिंगच्या चेंडूंची एक गंमत आहे, वजन काहीही असो, सगळे दिसायला सारख्याच आकाराचे. सहाच्या डावीकडे अंगठा टेकवला की बघणाऱ्याला वाटणार, एक अंगठ्याखाली झाकलाय. मी मोठ्यानं जाहीर केलं की दहा मला फार हलका पडत होता, म्हणून नेम चुकला; आता सोळा घेतो.

मुलांच्या चेंडूची भोकं मुलांच्याच मापाची असतात. अंगठा आत घालताना मला दोनदा दात खावे लागले. पण चेंडू फेकला तो असा सुसाट निघाला, की जणू त्याच्या मागे कुत्रा लागला होता. अंगठा सुटताना बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला. सात पिना पडल्या.

मग सासूबाई पुढे आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “अरे, तुझ्यात एवढी ताकद आहे, कधी बोलला नाहीस!”

अरे. तुझ्यात. नाहीस. एका वाक्यात तिन्ही. मला वाटलं, आता घरी गेल्यावर पहिल्यांदा फ्रिज उघडायचा.

साडूचं हसू मावळलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तो मेहुणीकडे बघत होता आणि मेहुणी माझ्याकडे. यंत्रातून चेंडू परत येताना दिसला तसा मी धावलो आणि कुणी आकडा वाचायच्या आत तो छातीशी धरला. साडू म्हणाला, जरा बघू. मी म्हटलं, हात बसलाय, आता दुसऱ्याच्या हातात देणं बरं नाही. तो तडक मांडणीकडे गेला आणि खराखुरा सोळा घेऊन आला.

इथं मी थांबायला हवं होतं. पण मागून बायकोनं विचारलं, “पुन्हा टाकता का हो?” आणि तिचा तो आवाज साखरपुड्यानंतर मी पहिल्यांदाच ऐकत होतो. अंगठा एव्हाना सुजला होता. तो मी आत कोंबला, चार पावलं धावलो, हात मागून पुढे आणला. चेंडू जायला निघाला, पण अंगठा त्याला सोडेना. मग मीही चेंडूबरोबर निघालो. चेंडू धावतो त्या लाकडी पट्टीवर तेल लावलेलं असतं, हेही मी वाचलेलं होतं. पोटावर घसरत मी बराच लांब गेलो. सैल बूट मागेच राहिला.

उठून परत येईपर्यंत सगळे माझ्याकडे धावतील असं मला वाटत होतं. पण कुणाचंच लक्ष नव्हतं. शेजारच्या पट्टीवर, मला गाठायच्या ईर्ष्येनं, साडूनं नेमका त्याच क्षणी सोळाचा चेंडू जिवाच्या आकांतानं फेकला होता. चेंडू पन्हळीत गेला आणि साडू खांदा धरून खाली बसला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मेहुणी रडत होती, सासूबाई त्याला वारा घालत होत्या, सासरे पूर्ण उठले होते. आणि मी एका पायात मोजा, अंगठ्याला काळा चेंडू, अंगभर तेल, असा मागे उभा.

सासूबाई वळून म्हणाल्या, “अरे, तुझ्यात ताकद आहे ना, मग याला उचलून गाडीपर्यंत ने.”

मी चेंडू पाठीमागे लपवला. त्यांना वाटलं, मी टाळतोय. त्यांनी माझा हात धरून पुढे ओढला आणि त्यांची नजर चेंडूवर गेली. अंगठा आत रुतल्यामुळे बोटं सरकली होती, सहाची डावी बाजू उघडी पडली होती. महिन्यापूर्वीच मी त्यांना नवा चष्मा करून दिला होता. नंबर अगदी अचूक बसला होता.

“यात एक कुठंय?” त्या म्हणाल्या. “नुसता सहा आहे. हा तर पोरांचा.”

काउंटरवरच्या बाईंनी साबणाचं पाणी आणून ओतलं, तेव्हा कुठे अंगठा निघाला. बायकोनं माझा बूट आणून दिला. हसला फक्त साडू. मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एवढा मोठ्या मनाचा माणूस आहे तो, म्हणूनच मला सहन होत नाही. हसताना त्याच्या खांद्यातून कळ गेली, आणि सगळ्यांनी रागानं माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी त्याला महिनाभर हात गळ्यात बांधून ठेवायला सांगितलं. जावयाचे हाल नकोत म्हणून सासूबाईंनी त्याला आपल्याच घरी ठेवून घेतलं. काल आम्ही भेटायला गेलो. तो उशांना टेकून बसला होता आणि सासूबाई सफरचंदाची एकेक फोड करून त्याला भरवत होत्या. मी पुढे होऊन माझा अंगठा त्यांच्यासमोर धरला. अजून निळा होता, नखाखाली काळा. म्हटलं, रात्री ठणकतो फार.

त्यांनी चष्मा सावरून तो नीट पाहिला. हलकेच दाबला. हलतो का, विचारलं. मी आशेनं हलवून दाखवला.

“मग बरं झालं,” म्हणत त्यांनी सुरी माझ्या हातात दिली. “एवढी तीन सोलून द्या त्याला. मी जरा पडते.”

मी सोलली. त्यानं आवडीनं खाल्ली. शेवटचं जरा आंबट आहे म्हणाला, तर बायकोनं मला दुसरं आणायला पाठवलं.