साडेसतराशे पौंडांचं सॉरी

गाडीचा विमा कसा घ्यावा हे क्लिथरो गावात एकट्या ट्रेव्हर एन्टविसललाच कळतं, असं ट्रेव्हर एन्टविसलचं प्रामाणिक मत होतं. आणि मत स्वतःजवळ ठेवून बसणारा हा माणूस नव्हे. हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या, म्हणजे बोल्सच्या क्लबात खेळ थांबवून तो सांगायचा, "तुम्ही लोक विमा कंपनीला देणग्या देता. मी यंदा हप्ता निम्म्यावर आणला. बसल्या जागी. चहा गार व्हायच्या आत."

कसा आणला, ते मात्र तो सांगत नसे. त्याचं असं झालं होतं. विम्याच्या वेबसाइटवर एक पट्टी असते. तिथे विचारतात, गाडीला काही झालं तर दुरुस्तीतली पहिली किती रक्कम तुम्ही स्वतः भराल? याला म्हणतात एक्सेस. पट्टी जितकी उजवीकडे सरकवाल तितका हप्ता उतरतो. ट्रेव्हरने बोट लावलं आणि हप्ता उतरायला लागला. दोनशेचे पाचशे झाले, पाचशेचे हजार झाले, आणि पट्टी संपली तेव्हा हा गृहस्थ दीड हजार पौंडांवर जाऊन थांबला. पण भरायचे कधी? अपघात झाला तर. आणि ट्रेव्हरला अपघात कसा होणार? तो गाडी अशी चालवायचा की मागच्या गाडीतली माणसं घरी पोहोचेपर्यंत म्हातारी व्हायची.

"एवढा स्वस्त कसा काय मिळाला?" त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, तेव्हाच विचारलं होतं. "बाकी सगळं गेल्या वर्षीसारखंच आहे ना?"

"सगळं तसंच," ट्रेव्हर म्हणाला होता.

ग्लेनिसला पै-पैची काळजी होती, कारण त्यांची मुलगी कर्स्टी ऑस्ट्रेलियात पर्थला राहत होती आणि तिला मार्चमध्ये मुलगी झाली होती. आजी-आजोबांनी नात अजून फोनच्या काचेतच पाहिली होती. दोन वर्षं पोटाला चिमटे काढून दोघांच्या तिकिटांपुरते पैसे जमले होते, आणि येत्या शनिवारी तिकिटं काढायची होती. ट्रेव्हर तर झोपेतसुद्धा उशी हातावर घेऊन जोजवायला लागला होता.

अशात तो रविवार उजाडला.

दोघं रोपवाटिकेत गेले होते. ग्लेनिस आत चहाच्या रांगेत उभी होती आणि ट्रेव्हर बाहेर पार्किंगमध्ये, खताची पोती गाडीच्या डिकीत भरत होता. गाडी जागच्या जागी उभी, इंजिन बंद. शेजारची जागा रिकामी होती. तिथे एक जुनी, रणगाड्यासारखी गाडी वळली. तिला ती जागा पुरली नाही. ट्रेव्हरच्या गाडीचे उजवीकडचे दोन्ही दरवाजे बिस्किटाच्या डब्यासारखे आत गेले आणि ट्रेव्हर पोत्यासकट डिकीत बसला.

तो तावातावाने बाहेर आला. रणगाड्याचा दरवाजा उघडला. आधी एक काठी बाहेर आली, मग टोपी, आणि मग मिस प्रिचर्ड.

आता हे सांगायलाच हवं. मिस प्रिचर्डने ट्रेव्हरला प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. तिने अर्ध्या गावाला शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. ट्रेव्हर दोन्ही अर्ध्यांत होता. आज तो चौसष्ट वर्षांचा होता, पण तिला पाहताच त्याने आधी हात पाठीमागे बांधले.

"ट्रेव्हर एन्टविसल," ती म्हणाली. "तू नेहमीच वाटेत उभा असतोस."

"सॉरी, मिस," ट्रेव्हर म्हणाला.

त्यात त्याचा तरी काय दोष? इंग्रजांच्या त्या देशात कोणी तुमच्या पायावर पाय दिला तरी सॉरी तुम्हीच म्हणायचं असतं. तोंडातून ते शिंकेसारखं निघतं. पण ट्रेव्हरचं एका शिंकेवर भागलं नाही. तिची काठी पडली, तो सॉरी म्हणाला. तिच्या बंपरवर ओरखडा दिसला, तो सॉरी म्हणाला. तिने विमा कंपनीचं नाव विचारलं, त्याने ते सॉरी म्हणूनच सांगितलं. मिस प्रिचर्डची मैत्रीण ऑड्री शेजारच्या सीटवर बसून हे सगळं कान देऊन ऐकत होती.

रणगाडा निघून गेल्यावर ग्लेनिस बाहेर आली ती डाव्या बाजूने, आणि डाव्या बाजूलाच बसली, त्यामुळे चेपलेले दरवाजे तिला दिसलेच नाहीत. ट्रेव्हरचा दरवाजा देवाच्या दयेने उघडला, पण असा कण्हला की ग्लेनिस म्हणाली, "तेल घाल रे त्याला." घरी आल्यावर त्याने गाडी उजवीकडून भिंतीला अशी चिकटवली की मधून मांजर जाऊ नये, आणि स्वतः गिअरवरून डावीकडे सरपटत बाहेर पडला.

"हे काय नवीन?" ग्लेनिसने विचारलं.

"कंबरेला चांगलं असतं," ट्रेव्हर म्हणाला. कंबर त्याच्याशी सहमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ग्लेनिस बाहेर गेल्यावर त्याने गॅरेजवाल्याला गाडी दाखवली. त्याने दोन हजार पौंड सांगितले. ट्रेव्हर मनात म्हणाला, सांग बापड्या, चूक तर माझी नाही, मग विमा कशासाठी काढलाय? आणि त्याने कंपनीला फोन लावला. कायरा नावाच्या मुलीने उचलला. आवाज अगदी गोड होता, म्हणूनच पुढचं फार लागलं.

"तुमचा एक्सेस साडेसतराशे पौंड आहे," ती म्हणाली.

"दीड हजार," ट्रेव्हर म्हणाला. "मीच ठरवलाय."

"तो तुम्ही ठरवलेला. त्यावर आमचा सक्तीचा अडीचशे. दोन्ही मिळून भरायचे असतात."

"मग दोन हजारांतले तुम्ही किती भरणार?"

"उरलेले."

ट्रेव्हरने मनात वजाबाकी केली आणि खुर्ची ओढून घेतली. "पण धडक मी मारली नाही हो. मला बसली. तरी मीच भरायचे?"

"दुरुस्ती आमच्याकडून करून घेतलीत तर आधी तुम्ही भरायचे. समोरच्यांनी चूक मान्य केली की त्यांच्या कंपनीकडून परत मिळतात. तुम्ही त्या ठिकाणी चूक कबूल केलीत का, किंवा माफी मागितलीत?"

ट्रेव्हर खोटं बोलू शकला असता. पण त्याच्या डोळ्यांसमोर ऑड्री आली.

"थोडीशी," तो म्हणाला.

"म्हणजे तुमची चूक होती?"

"मी वाटेत उभा होतो."

"पार्किंगमध्ये? गाडी बंद करून?"

"समोर मिस प्रिचर्ड होत्या हो."

कायराला याचा अर्थ लागला नाही. ती इथली नव्हती. तिने सांगितलं की चूक कोणाची हे संदिग्ध आहे अशी नोंद ती करते आहे, आणि निकाल लागायला काही महिने जातील.

काही महिने. आणि तिकिटं शनिवारी. साडेसतराशे गेले तर उरलेल्या पैशांत तिकीट एकच येणार होतं. ग्लेनिसला काय सांगायचं? 'सगळं तसंच' नव्हतं म्हणून? तिला एकटीला पाठवायचं आणि आपण घरी बसायचं? दुपारी जेवताना कर्स्टीचा फोन आला, नात काचेतून हसली, आणि ट्रेव्हर रडवेला होऊन भांडी घासायला उठला. ग्लेनिस त्याच्याकडे बघतच राहिली, कारण त्याने अजून काही खाल्लंच नव्हतं.

उपाय एकच होता. मिस प्रिचर्डकडे जायचं आणि तिच्याकडून तिची चूक कबूल करून घ्यायची. गावात आजवर हे कोणी केलं नव्हतं. एका शाळा तपासनिसाने प्रयत्न केला होता म्हणतात. त्याची बदली झाली.

दोन रात्री ट्रेव्हर डोळे टक्क उघडे ठेवून पडला. बुधवारी त्याने लिंबाचा केक घेतला, आणि वाटेत एकच वाक्य घोकत गेला. 'चूक तुमची होती, मिस. चूक तुमची होती, मिस.' फाटकापाशी पोहोचेपर्यंत ते त्याला उलटसुलट पाठ झालं होतं. मिस प्रिचर्डने दार उघडलं.

"सॉरी, मिस," ट्रेव्हर म्हणाला.

"पाय पूस," ती म्हणाली.

तो आत गेला आणि हातातला केक पडता पडता राहिला. कोचावर ग्लेनिस बसली होती. हातात चहाचा कप होता.

"ये," ती म्हणाली. "कंबर कशी आहे?"

"मीच बोलावलं हिला," मिस प्रिचर्ड म्हणाली. "म्हटलं, तुझ्या नवऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना? मी त्याची गाडी चेपली आणि तो माझी माफी मागत होता."

ट्रेव्हरला आपल्या कानांवर विश्वास बसेना. "म्हणजे चूक…"

"माझीच होती. मी त्याच दिवशी माझ्या कंपनीला कळवलं. आज त्यांचा फोन आला, की समोरच्या पक्षाची भूमिका संदिग्ध आहे." तिने चष्मा खाली सरकवून त्याच्याकडे पाहिलं. "माझ्या चुकीत तू कशाला नाक खुपसतोस? तुझ्या तुला कमी आहेत का?"

"नाहीत, मिस."

"आणि लपवायचं कशाला एवढं?" ग्लेनिस म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती, आणि ट्रेव्हरला तिचीच जास्त भीती वाटली. "दोनशे पौंडांचा तर आपला एक्सेस. गेले असते तर गेले असते. त्यासाठी माणूस जेवण टाकतो का?"

म्हणजे हिला दरवाजे कळले होते, आकडा कळला नव्हता. अजून निसटता येत होतं. "बरोबर आहे तुझं," तो घाईने म्हणाला. "चला, घरी जाऊन करतो मी कंपनीला फोन."

"आत्ता कर," मिस प्रिचर्ड म्हणाली. "इथे, माझ्यासमोर. आणि मला दोन्ही बाजू ऐकू येऊ देत. मला कमी ऐकू येतं."

शाळेत फळ्याकडे जायचा तसा ट्रेव्हर पाय ओढत टेबलापाशी गेला. त्याने केक टेबलावर ठेवला आणि शेजारी फोन ठेवून स्पीकर लावला. कायरानेच उचलला. ट्रेव्हरने तोंड उघडलं, 'सॉरी' जिभेवर आलं, मिस प्रिचर्डची काठी जमिनीवर आपटली, आणि ते परत आत गेलं.

"माझी काही चूक नव्हती," ट्रेव्हर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होता, त्यामुळे आवाज जरा चिरका निघाला. मग मिस प्रिचर्डने फोन हातात घेतला आणि चूक कोणाची, किती आणि का, ते कायराला असं समजावलं की कायरासुद्धा शेवटी "हो, मिस" म्हणाली.

"मग सगळं सोपं झालं, मिस्टर एन्टविसल," कायरा आनंदाने म्हणाली. "दुरुस्ती त्यांची कंपनीच करून देईल. तुमचे साडेसतराशे पौंड तुम्हाला भरावे लागणार नाहीत."

फोन बंद झाला. ग्लेनिसने कप बशीत ठेवला.

"साडेसतराशे?"

ट्रेव्हरने सगळं सांगितलं. पट्टी, बोट, उतरत जाणारा हप्ता, सगळं. सांगताना तो केकशी बोलत होता. "पण आता काळजी नाही," तो शेवटी म्हणाला. "पैसे वाचले. शनिवारी दोन तिकिटं."

"विमा कधीपर्यंत आहे हा?"

"पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. तोवर पट्टी हलत नाही."

"म्हणजे उद्या पुन्हा कोणी ठोकलं, किंवा तूच ठोकलंस, तर पुन्हा साडेसतराशे?"

ट्रेव्हरने याचा विचारच केला नव्हता.

"ते कुठून आणणार? आपल्याकडे तिकिटांचे सोडून दुसरे पैसे आहेत का?" ग्लेनिसने पर्स उचलली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "शनिवारी एक तिकीट काढू. माझं. तुझ्या तिकिटाचे पैसे बँकेत राहू देत. मी रोज फोन करीन, बाळाला दाखवीन."

ट्रेव्हरने आपल्या हातांकडे पाहिलं. ते रिकामे होते.

"एन्टविसल," मिस प्रिचर्ड म्हणाली, "एक्सेस म्हणजे काय, आता समजलं?"

"समजलं, मिस."

"मग उभा राहून सांग. स्वतःच्या शब्दांत."

ट्रेव्हर उभा राहिला. हात आपोआप पाठीमागे गेले. "अपघात झाला तर जे पैसे आपण भरायचे असतात ते, मिस."

"आणि नाही झाला तर?"

त्याने ग्लेनिसच्या हातातल्या पर्सकडे पाहिलं.

"तर घरी बसून सांभाळायचे असतात, मिस."