हाळमा पानी का नई?

नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढता वाढता सरलाबाई सहज म्हणाली, "गिरधरभाऊले खुर्ची कशी शोभस!" झाले. चुनीलालने ताट बाजूला सारले.

गिरधर त्याचा चुलतभाऊ. दोघांच्या केळी एकाच बांधाला. पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गिरधरचा पक्ष जिंकला आणि चावडीतली सरपंचाची हातांची खुर्ची त्याला मिळाली. चुनीलालच्या वाट्याला विरोधी पक्ष आणि सतरंजीचा फाटका कोपरा आला. त्या खुर्चीने त्याची झोप उडवली होती.

मुंबईत नवे मंत्रिमंडळ आले होते. असेंब्लीतले विरोधक प्रश्न विचारून मंत्र्यांना घाम फोडतात, असे चुनीलालने वर्तमानपत्रात वाचले. पुढच्याच सभेत तो उभा राहिला. "सरपंच, हाळमा पानी का नई? ढोरे तिसे मरी ऱ्हायनात. जबाब द्या!"

गिरधर लालबुंद झाला. पण संध्याकाळी त्याने मोट जुंपून गुरांचा हाळ काठोकाठ भरला, आणि लोक म्हणाले, "वा रे गिरधरभाऊ!"

चुनीलालने चावडीच्या विझलेल्या कंदिलाचे विचारले, कंदील लागला. तापीच्या उतारावरच्या चिखलाचे विचारले. तिथे फरशी आली. प्रश्न याचे, नाव त्याचे! शेवटी जळफळून चुनीलालने तोंडच बंद केले.

हळूहळू हाळ कोरडा पडला, कंदील विझला आणि गिरधर खुर्चीत घोरू लागला. तेव्हा कुठे लोकांच्या डोक्यात उजेड पडला. "खरा कामना माणूस चुनीलाल शे!" म्हणत त्यांनी पुढच्या निवडणुकीत त्याला निवडून दिले.

आता फाटका कोपरा गिरधरने धरला. त्याने सुपारी तोंडात टाकली आणि मिटल्या तोंडाने मजा पाहत बसला. विचारणारे कोणी नाही, म्हणून चुनीलाल खुर्चीत सुखाने पेंगू लागला.

एका सभेत दारातून म्हैस आत डोकावली. मागे दोर धरून सरलाबाई. "सरपंच, हाळमा पानी का नई? जबाब द्या!"

चावडी हसून लोळली. चुनीलालने धावत जाऊन मोट जुंपली, हाळ भरला आणि कौतुक ऐकायला ऐटीत उभा राहिला.

"वा वं सरलाबाई!" लोक म्हणाले.

चुनीलालचा जीव जळाला. "अरे, तो प्रश्न मन्हा व्हता!"

"व्हता. आते खुर्ची तुम्हनी शे," सरलाबाई म्हशीला वळवत म्हणाली. "सकाय कंदीलनं इचारसू."