बारशाला सरकार आलं होतं काय?

हिवराळे सर आमंत्रण नसलं तरी बारशाला जातात. आमच्या धामणगाव बढ्यात पाळणा हलला की सर हजर. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीवर बुक्के बसले, की सर पुढे सरसावतात, बाळाच्या दुसऱ्या कानाशी वाकतात आणि त्याला त्याचे हक्क सांगतात. बाळ भोकाड पसरतं. सर खूश! "रडू द्या. बोलाचा हक्क वापरून राह्यलं थे."

नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस माझा सख्खा शेजारी आहे, त्यामुळे माझा चहा रोज थंड होतो. 'हक्क दिले' हे दोन शब्द त्यांच्यासमोर उच्चारू नयेत. झेंडावंदनाला एक पाहुणे भाषणात ते बोलून गेले आणि सर गर्दीतून गरजले, "देल्ले? म्हंजे आधी नव्हते? तुह्या बारशाले सरकार आलतं काय बे?"

पाहुणे खाली बसले. भाषण सरांनीच पूर्ण केलं. "हक्क माणसाच्या जन्मासंगच येतात. देश उभा करणाऱ्यांनी थे ओळखले, लिहून ठेवले, अन् राज्याले बजावलं का याले हात लावाचा नाई. घटना म्हंजे दान नोय, कबुली हाय!" रेशनच्या रांगेत कुणी दुकानदाराला हात जोडले तरी सर त्या हात जोडणाऱ्यावरच भडकतात. आपलं आहे ते मागायचं कशाला, हे त्यांचं ठाम मत.

मध्यंतरी समोरच्या सविताला तिसरी मुलगी झाली. बाराव्या दिवशी पाळणा नाही, काही नाही. सासू कासाबाई ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "तिसरी बी पोरगीच. कायचं बारसं न् कायचं काय!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. बारा दिवसांच्या जिवावर बहिष्कार? मी घुगऱ्या शिजत घातल्या आणि सरांना हाक मारली. ते इस्त्रीचा शर्ट घालूनच आले आणि तडक कासाबाईंसमोर उभे राहिले.

"काऊन हो कासाबाई, पोरीनं काय गुन्हा केला? पोट्टा असता तं मांडव टाकला असता!"

"आमच्या घरातलं आमी पाहू, सर."

"घरातली हाय, मालकीची नाई!"

तेवढ्यात सविता बाहेर आली. तिनं मुलगी सरांच्या हातात ठेवली आणि सर तिला घेऊन ओट्यावर बसले.

आता भाषण होणार म्हणून मी वाट पाहू लागले. सर कानाशी वाकले, पण शब्द फुटेना. कासाबाईच शेवटी वैतागल्या. "सांगा नं आता, काऊन चूप बसले?"

"काय सांगू? हक्क घेऊनच आली थे. पण घरच्यानं उचलूनच नाई घेतलं तं त्या हक्काचं करन काय लेकरू?"

 सरांना मूलबाळ नाही. बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. इतक्या बारशांना गेलेल्या या माणसाच्या घरात पाळणा कधी टांगलाच गेला नव्हता, आणि माझ्या ते कधी ध्यानात आलं नव्हतं.

"कासाबाई," सर अगदी हळू म्हणाले, "मले आजोबा म्हणणारं कोणीच नाई. इनं म्हटलं तं चालन काय तुमाले?"

रांगेत हात जोडणाऱ्यांवर ओरडणारा माणूस मागत होता. 

 कासाबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि आत वळून ओरडल्या, "सविता, माळ्यावरचा पाळणा काढ वं!"