पोवारकाकांची गोम

आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजींनी शंख उचलला आणि तेवढ्यात शेजारचे पोवारकाका उभे राहिले. "मंडळी, एक मिनिट. आग लागली तर जिन्यानं खाली. ढकलाढकली करायची न्हाई. गुरुजी, तुमी सोवळ्यात हाय, तुमी सगळ्यात आधी." मग बोट नाचवत त्यांनी खोलीतली डोकी मोजली आणि माझ्या बायकोला आकडा सांगितला. तिने बिचारीने मोजून तेवढेच शिऱ्याचे द्रोण भरले, तर एक कमी पडला. "राहू दे गं, मी डबा खाल्लाय," म्हणत काकांनी नुसतं तीर्थ घेतलं.

काका आमच्या तारापूरच्या केमिकल कारखान्यातले सेफ्टीवाले. मूळचे कोल्हापूरकडचे, पण अर्धं आयुष्य बोईसरात गेलेलं. तिथल्याच सालवडला आमच्या समोरच्या दारात एकटेच राहतात. वारा कुठून येतोय ते बघितल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाहीत, आणि त्यासाठी गॅलरीत एक जुना पायमोजा टांगून ठेवलाय. वाळत घातलेला विसरलाय असं समजून बायकोने एकदा तो काढून, घडी करून त्यांना नेऊन दिला. काका दिवसभर दारातच अडकून पडले.

काकी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो. काका यंदा रिटायर होणार म्हटल्यावर त्याने धोशा लावला, इकडेच या राहायला. "पोरगं गुणाचं हाय रे सुहास," काका मला म्हणाले, "पण ती दोघं सकाळी कामाला जाणार. मी तिथं कुणाची डोकी मोजू? आणि इथं तरी आता मला कोण इचारतंय?" मी विषय बदलला, आणि बदलायला हाताशी विषय होता तो सोंगांच्या शर्यतीचा.

बोईसरात एका मंडळाने ती ठेवली होती. सोंगं घ्यायची आणि गावातून पळायचं. पदक फक्त त्याच टोळीला, जी अख्खी एकत्र फीत ओलांडेल. काका ताडकन उठले. "कुणाला मागं सोडायचं न्हाई? लेका, मग ही आपलीच शर्यत की!"

झालं. हिरव्या शेडनेटची लांबलचक गोम शिवली. तोंडाशी बॉयलरवरचा यादव, हेल्मेटला झाडूच्या दोन मिश्या लावून. त्याच्यामागे कँटीनमधली, किनाऱ्यावरच्या घिवलीची रंजना, मग डोंगराकडच्या पाड्यावरचा लहानू, मग मी. "शेपटी माझी," काका म्हणाले. "म्होरं कुणीबी पळंल. मागं कोण राहिलं ते बघायला माणूस पायजे."

"मी नाय बा घुसायची त्या जाळ्यात," रंजना म्हणाली. "जन्मभर म्हावरं जाळ्यात बघलं, आता मीच जाऊ काय?" पण आली.

रविवारी सकाळी रस्त्यावर ही गर्दी! एक वरात होती, चालता फ्रिज होता, मिशा असलेल्या पाच नर्सबाई होत्या. मंडळाने शिट्टीऐवजी भोंगा आणला होता. तो लांब वाजला आणि सगळी सोंगं सुसाट सुटली.

आम्ही सोडून. आमच्या कारखान्यात लांब भोंग्याचा अर्थ एकच, वायुगळती. तेव्हा पळायचं नाही. जागेवर थांबायचं, वारा बघायचा, वाऱ्याला आडवं जाऊन मोकळ्यावर जमायचं. काकांनी हे आमच्या हाडांत मुरवलंय. गोम जागच्या जागी गोठली. काकांनी दुकानावरच्या पताकेकडे बघितलं. "वारा दर्याकडनं! आडवं चला!" आणि अख्खी गोम शिस्तीत डावीकडे वळून शाळेच्या मैदानात जाऊन उभी राहिली.

"एक, दोन, तीन, चार. सगळी हायत," काका समाधानाने म्हणाले.

"अवो साहेब," रंजना किंचाळली, "शर्यत हाय ती!"

मग जे पळालो ते विचारू नका. यादवची चप्पल तुटली. "साहब, दम घुट रहा है," म्हणून तो मध्येच खाली बसला, तर काकांनी त्याच्यासोबत सगळ्यांना बसवलं. एका कुत्र्याने झाडूच्या मिशीशी वैर धरलं. लहानूला राहवेना. "मी एकटाच जातू ना पुढं. मंग तुमी या."

"एकटं कुणी जायाचं न्हाई," काका शेपटीतून ओरडले.

फितीपाशी सगळ्यात शेवटी पोचलो, तर तिथे वेगळाच गोंधळ. नवरदेव येऊन बसलेला आणि नवरी अजून रिक्षात. फ्रिजचं दार एकीकडे, फ्रिज दुसरीकडे. नर्सबाई तीनच. अख्खी आली होती ती आमची गोम. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"किती जण?" पदकं वाटणाऱ्या मुलीने विचारलं.

काकांनी जाळीतून डोकं काढलं, बोट नाचवलं. "चार."

तिने चार पदकं दिली. काकांनी एकेक करून आमच्या गळ्यात घातली आणि खाली बसून जाळीची घडी घालू लागले. चेहऱ्यावर काही खंत नाही. मला एकदम तो कमी पडलेला शिऱ्याचा द्रोण आठवला.

"काका, पाच."

"आं?"

"तुम्हाला धरून पाच!"

"म्हंजे काय?" रंजना कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुमी काय माणूस नाय काय?" तिने त्या मुलीच्या हातातून पदक जवळजवळ ओढलंच आणि काकांच्या गळ्यात घातलं.

काका ते बोटांनी चाचपत राहिले. मग गोमेच्या शेपटीला नाक पुसलं. "तुझी काकी रोज रात्री दाराला कडी घालताना म्हणायची, आलं का सगळं घर आत? त्यात मी असायचो," ते म्हणाले. "ती गेल्यापास्नं मला कुणी मोजलंच न्हाई रे."

यादव उगाच तुटकी चप्पल जोडत बसला.

"पोराला सांगतो," काका म्हणाले, "दिवाळीला येईन. राहायला न्हाई." डोक्यावरचं आपलं सेफ्टी हेल्मेट काढून त्यांनी काखेत धरलं आणि ड्रिलला उभे राहतात तसे ताठ उभे राहिले. "आता परत मोज, सुहास. मोठ्यानं."

मी मोजलं. सुरुवात त्यांच्यापासून केली.