विहीणबाईंचा सरकारी गुडघा

परदेशातल्या लेकीच्या घरात पाऊल टाकलं आणि हातातली बॅग खाली ठेवायच्या आत माईंनी जाहीर केलं, "नवा गुडघा बसवून घेतल्याशिवाय मी परत जायची नाही!"

कारण दारातच विहीणबाई उभ्या होत्या. काठीशिवाय! या देशाच्या सरकारने त्यांना नवाकोरा गुडघा बसवून दिला होता, तोही फुकट. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या तो असा दाखवत, जणू नातवाला पहिला दात आलाय. माईंच्या पोटात अशी आग पेटली की तिच्यावर सगळ्या घराचा स्वयंपाक झाला असता!

"आई, तुझे गुडघे ठणठणीत आहेत," लेक म्हणाली. "आणि तू इथे पाहुणी. सरकार पाहुण्यांना गुडघे वाटत नाही."

"का नाही? इकडे महागाई महागाई म्हणून गळे काढायचे, तिकडे हिच्यासारखीला गुडघे वाटायचे! तिजोरीला भोक पडणार नाही तर काय? पडायच्या आत माझा एक बाजूला काढून ठेवा म्हणावं!"

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंची सरकारी दवाखान्यात तपासणी होती. माईही सोबत निघाल्या, उंबऱ्यापासूनच लंगडत.

"अगंबाई! काल तर चांगल्या चालत होतात!" विहीणबाई म्हणाल्या.

"आम्हाला नाही हो दुखणी मिरवायची सवय," माई फणकारल्या.

निवडणूक तोंडावर आलेली. दोघी बाकावर टेकतात तोच विरोधी पक्षाचा उमेदवार फोटोवाल्याला घेऊन आत शिरला. त्याला सरकारने ताटकळत ठेवलेला पेशंट हवा होता. माई अशा कण्हल्या की बाकीचे पेशंट आपापलं दुखणं विसरले!

"आजी, आमचं सरकार आलं की पहिला गुडघा तुमचा!"

फोटो निघाला. माईंनी विहिणीकडे पाहिलं ते थेट वरून खाली.

उमेदवार बाहेर पडतो न पडतो, तर खुद्द मंत्री आपला फोटोवाला घेऊन आले. त्यांना बरा झालेला पेशंट हवा होता. नर्सने लगेच विहीणबाईंचं नाव लिहून दिलं. विहीणबाई उठल्या आणि बोहल्यावर निघाल्यासारख्या डौलात चालून आल्या. टाळ्या पडल्या!

त्या टाळ्या माईंच्या कानात तापलेल्या तेलासारख्या शिरल्या.

"ह्यात काय एवढं? हे बघा!" म्हणत माईंनी दणादण उठाबशा काढल्या, बाकावर चढल्या आणि वरून उडी मारली! "गुडघा असा असतो!"

"वा! हाच घ्या, हाच!" मंत्री ओरडले. फोटोवाल्याने खाली बसून नुसत्या गुडघ्याचा फोटो घेतला. उडी मारताना आत काहीतरी कट्कन वाजलं होतं, पण माई हसत राहिल्या.

चौकात पोस्टर लागली. एका भिंतीवर माईंचा वेदनेने वाकडा झालेला चेहरा: 'ही माउली कधीची वाट बघतेय!' समोरच्या भिंतीवर नुसता गुडघा, भलामोठा, देखणा: 'हा आम्ही दिला!' आणि खाली नाव विहीणबाईंचं.

"फोटोत किती तरुण दिसतो नाही माझा गुडघा?" विहीणबाई शेजारणींना विचारत होत्या.

"अहो, तो मा..." माईंचं तोंड उघडलं. तेवढ्यात समोरच्या भिंतीवरून त्यांचाच चेहरा कण्हताना दिसला. गुडघा आपला म्हणावा, तर लंगडणं खोटं ठरतं! माईंनी दुखरा गुडघा धरून डॉक्टरांची वाट धरली.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. "मुरगळलाय. मलम लावा आणि काठी धरा."

या वेळी माई खऱ्याखुऱ्या लंगडत घरी आल्या. दारात विहीणबाई उभ्याच!

"ही घ्या हो माझी काठी. सरकारीच आहे, आता मला कुठे लागते?"

माईंना सरकारकडून मिळालं ते एवढंच. तेही वापरलेलं!