पस्तीस जुलै

३

जालना रोडच्या आत एक गल्ली आहे. तिथं जावयापेक्षा नळाच्या पाण्याचा मान मोठा, कारण जावई निदान फोन करून येतो. जुलैच्या तीन तारखेला पाणी आलं आणि गणिताचे निवृत्त शिक्षक राजेंद्र सरांनी कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं तारीख लिहिली.

११

पुन्हा आलं. पुन्हा लिहिली.

१९

आलं! दर वेळी आठच दिवस. सरांनी भिंतीवर सूत्र मांडलं: ८n − ५. n च्या जागी एक घाला, तीन येतात. दोन घाला, अकरा. तीन घाला, एकोणीस. चार घातले तर सत्तावीस. गल्ली भिंतीकडं बघत राहिली.

२७

आलं!! आता सरांना आवरणं देवालाही कठीण. तोटी उघडी ठेवून पाइपच्या फुसफुसण्याकडं कान लावून झोपणं हा अडाणीपणा, असं त्यांनी जाहीर केलं. गल्लीनं तोट्या बंद केल्या. शेजारच्या कडूबाईंनी तेवढी केली नाही.

पाचवी पाळी कधी? आठ पंचे चाळीस, वजा पाच, पस्तीस. पस्तिसातून महिन्याचे तीस गेले, म्हणजे ऑगस्टची पाच तारीख. सरांनी नेमक्या त्याच दिवशी लेकीच्या सासरच्या वीस माणसांना जेवायला बोलावलं आणि तीन तारखेलाच टाकी रिकामी करून घासून घेतली.

"अहो, आणि नाही आलं तर?" मंजुषाताईंनी विचारलं.

सरांनी बायकोकडं नापास विद्यार्थ्याकडं बघावं तसं बघितलं.

३५

पाच तारखेला पहाटेपासून अख्खी गल्ली बादल्या घेऊन उभी. नळानं एक कोरडा ढेकर दिला, बस. दहा वाजता व्याही पैठणहून निघाल्याचा फोन आला. मंजुषाताईंनी सरांच्या हातात रिकामी कळशी दिली.

कडूबाईंच्या दारात पिंपं, घागरी, पातेली, नात मोनिकाचा डबासुद्धा काठोकाठ भरलेला.

"काल पहाटं आलतं की," त्या म्हणाल्या. "तुमच्या घोरण्याचा आवाज भिंतीपल्याड येत व्हता, गुरुजी."

"चार तारखेला? शक्य नाही, मावशी. सूत्र चुकत नसतं."

कडूबाईंनी मूठ आवळून त्यांच्या नाकापुढं धरली. सर दोन पावलं मागं सरले. मग बाईंनी दुसऱ्या हाताच्या बोटानं मुठीवरची हाडं मोजायला घेतली. जानेवारी हाडावर, फेब्रुवारी खळग्यात, मार्च हाडावर... बोट करंगळीच्या हाडावर थांबलं.

"जुलै. हाडावरचा महिना एकतीसचा. आमच्या मोनिकाला तुमीच शिकवलंत हे."

सरांनी कळशी पुढं केली. "सूत्र मात्र बरोबर होतं," ते पुटपुटले.

"व्हय की," कडूबाई म्हणाल्या. "त्याच्यावरच तर मी पहाटं उठले."